'पा' पुन्हा चुकीच्या जागी? फ्रेंच नकारात मराठी माणूस जिथे अडकतो त्या जागा

फ्रेंच नकाराचा नियम पहिल्या महिन्यातच पाठ होतो. क्रियापदाच्या आधी 'न', नंतर 'पा'. 'झ पार्ल' म्हणजे मी बोलतो, 'झ न पार्ल पा' म्हणजे मी बोलत नाही. रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात हे बिनचूक येतं. पण वाक्य जरा लांबलं, भूतकाळ आला, 'कोणी' किंवा 'काही' आलं की गाडी घसरते. अकरावी-बारावीला गुणांसाठी फ्रेंच घेतलेली मुलं असोत, आलियाँस फ्राँसेझमध्ये किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारे नोकरदार असोत, नाहीतर कॅनडाच्या अर्जासाठी टीईएफ या फ्रेंच परीक्षेची तयारी करणारे असोत, चुका साधारण त्याच असतात. म्हणजे दोष आळसाचा नाही. दोष मराठीतून आपसूक येणाऱ्या सवयीचा आहे, आणि ती सवय नेमकी कोणती हे कळलं की बऱ्याच चुका एकदम सुटतात.

फ्रेंच शब्द इथे देवनागरीत, उच्चाराच्या अंदाजाने लिहिले आहेत. 'न' म्हणजे एन आणि ई ही दोन अक्षरं. पुढे स्वर आला की ई गळून वर स्वल्पविराम येतो. तो जोड दिसावा म्हणून मी 'न'ए', 'न'आ' असं लिहिलं आहे.

मुळात काय बिघडतं?

मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. या तीन वाक्यांत बदललं काय? 'जात' जागचं हललं नाही. माणूस बदलला तसा 'नाही' बदलला. मराठीत नकार हेच वाक्यातलं चालवलेलं क्रियापद होतं, आणि ते बसतं अगदी शेवटी. त्यामुळे आपण सगळं वाक्य बोलून झाल्यावर त्याला 'नाही' लावतो.

फ्रेंचमध्ये 'न' आणि 'पा' कधीच बदलत नाहीत. बदलतं ते क्रियापद, आणि नकार त्यालाच दोन्ही बाजूंनी धरतो. तेव्हा 'पा कुठे टाकू' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'या वाक्यात माणसाप्रमाणे बदलणारा शब्द कोणता' हे आधी शोधायचं. सापडत नसेल तर 'झ' (मी) काढून 'नू' (आम्ही) घाला आणि कोणता शब्द रूप बदलतो ते बघा.

'झ न'ए माँझे पा'

सगळ्यात जास्त आढळणारी चूक. 'मी खाल्लं नाही' म्हणायचंय, 'खाल्लं' म्हणजे 'माँझे', मग 'नाही' त्याच्यानंतर. वरची चाचणी लावा: 'झ'ए माँझे' चं 'नू आव्हों माँझे' होतं. बदललं 'ए' चं 'आव्हों'. 'माँझे' आहे तसंच राहिलं. म्हणून नकार 'ए' भोवती: झ न'ए पा माँझे. नू न'आव्हों पा माँझे.

भविष्यकाळाचंही तेच: 'झ न व्हे पा सोर्तीर', मी बाहेर जाणार नाही. 'शकणे'चंही तेच: 'नू न पुव्हों पा व्हनीर', आम्ही येऊ शकत नाही.

दोन क्रियापदं असली की मात्र नकार कुणाचा हे आधी ठरवावं लागतं. 'व्हू न पुव्हे पा व्हनीर' म्हणजे तुम्ही येऊ शकत नाही. 'व्हू पुव्हे न पा व्हनीर' म्हणजे तुम्ही नाही आलात तरी चालेल. शब्द तेच, जागा बदलली आणि पहिल्यातली मनाई दुसऱ्यात सवलत झाली. दुसऱ्या वाक्यात नकार मूळ रूपातल्या क्रियापदाचा आहे, आणि त्या वेळी 'न पा' ही जोडी फुटत नाही, दोघं मिळून क्रियापदाच्या पुढ्यात उभे राहतात.

हा नियम मराठी माणसाला खरं तर सोपा जायला हवा, कारण आपल्याकडेही दोन नकार आहेत. चालवलेल्या वाक्याला शेवटी 'नाही', पण न चालवलेल्या क्रियापदाला आधी 'न': न जाण्याचा निर्णय, न बोललेलं बरं, उत्तर न दिल्याबद्दल क्षमस्व. मराठीत क्रियापदाच्या आधी 'न' आला की फ्रेंचमध्ये बहुधा 'न पा' एकत्र येतो. ईमेलमध्ये हमखास लागणारं वाक्य घ्या: 'झ स्वी देझोले द न पा आव्वार रेपोंद्यू'. उत्तर न दिल्याबद्दल दिलगीर आहे. शब्दागणिक जुळतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. 'न खाता गेला', 'न सांगता आला' अशा '-ता' रूपाला 'न पा' चालत नाही, तिथे 'साँ' लागतो: 'साँ माँझे'. आणि 'साँ' स्वतःच नकार असल्याने सोबत ना 'न', ना 'पा'. काही न बोलता: 'साँ रियाँ दीर'.

'इल ई न'आ पा'

'मला', 'तुला', 'त्याला' यांसारखे छोटे शब्द मध्ये आले की 'न' भलतीकडे घुसतो. 'इल ई आ' म्हणजे 'आहे', त्याचा नकार 'इल न'ई आ पा'. कर्ता संपला की लगेच 'न', मग ल, ला, म, त, ई, आँ यांच्यापैकी जे काही असेल ते, मग क्रियापद, मग 'पा'. 'झ न ल कोने पा', मी त्याला ओळखत नाही. 'झ न म स्वी पा लव्हे', मी उठलो नाही. कर्ता आणि 'न' यांच्यामध्ये यांतलं काहीही येत नाही, एवढं पक्कं केलं की पुरे.

आज्ञार्थाने मात्र पंचाईत होते. होकारात 'लेव्ह-त्वा' (ऊठ), नकारात 'न त लेव्ह पा'. होकारात 'दॉन-ल-म्वा' (ते मला दे), नकारात 'न म ल दॉन पा'. होकारात मागे लटकणारे शब्द नकारात पुढे येतात, 'म्वा'चा 'म' होतो आणि क्रमही उलटतो. यामागचं कारण शोधत बसण्यापेक्षा दोन-चार जोड्या मोठ्याने म्हणून तोंडात बसवलेल्या बऱ्या.

'पेर्सॉन न'ए पा व्हन्यू'

ही चूक सर्वात चिवट. बी वन, म्हणजे मध्यम पातळी गाठलेल्यांच्याही लेखनात ती सापडते, म्हणून इथे जरा थांबू.

'कोणी आलं नाही.' मराठीत 'कोणी' मध्ये नकार नाही. 'कोणी आलं का?' मध्येही तोच शब्द आहे. नकाराचं सगळं काम 'नाही' करतो, तो काढला तर वाक्याचा अर्थच उलटा होतो. 'काही', 'कधी', 'कुठे' यांचंही तसंच. म्हणून मराठी डोकं 'पेर्सॉन' म्हणजे 'कोणी' असं नोंदवतं आणि मग 'नाही' साठी इमानेइतबारे 'पा' लावतं. झालं वाक्य चुकीचं.

फ्रेंचमध्ये 'पेर्सॉन' (कोणी), 'रियाँ' (काही), 'झामे' (कधी), 'प्ल्यू' (आता, यापुढे), 'ओकाँ' (एकही) हे 'पा'चे सोबती नाहीत, ते त्याच्याच खुर्चीवर बसणारे आहेत. यांच्यापैकी कोणी बसला की 'पा'ला जागा नाही. याला इतिहास आहे. जुन्या फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आलेला 'न' एकटाच नकाराला पुरत असे. जोर द्यायला लोक पुढे एखादी क्षुल्लक गोष्ट जोडत: एक पाऊलही (पा) चालत नाही, एक थेंबही (गूत) पीत नाही, एक कणही (मी) खात नाही. आपण 'तसूभरही हटला नाही' म्हणतो तसंच. पुढे 'पा' सगळ्या क्रियापदांना लागू लागला आणि पावलाचा अर्थ विसरला गेला. 'रियाँ' मूळचा लॅटिनमधला 'वस्तू' या अर्थाचा शब्द, आणि 'पेर्सॉन' म्हणजे व्यक्ती. सगळे एकाच वाटेने नकारात शिरले. जोर देणारा शब्द हळूहळू नकाराचा मुख्य भार उचलतो आणि जुना 'न' दुबळा होतो, हे चक्र डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 साली मांडलं, आणि ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

'रियाँ'ला 'पा' जोडलाच तर काय होतं? 'स न'ए पा रियाँ' हे बरोबर फ्रेंच आहे, पण त्याचा अर्थ 'हे काही थोडंथोडकं नाही'. म्हणजे तुम्हाला म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट.

तेव्हा उपाय असा. मराठी वाक्यात 'नाही' बरोबर कोणी, काही, कधी, कुठे, एकही यांच्यापैकी काही दिसलं की 'पा' बाजूला ठेवा. 'न' मात्र ठेवाच. 'पेर्सॉन न'ए व्हन्यू', कोणी आलं नाही. कर्ताच 'पेर्सॉन' असल्यामुळे 'न' त्याच्यानंतर येतो, आणि घाईत नेमका हाच विसरला जातो.

भूतकाळात आणखी एक गोम आहे. 'रियाँ', 'झामे', 'प्ल्यू' हे 'पा'च्याच जागी बसतात: 'झ न'ए रियाँ व्ह्यू', मी काही पाहिलं नाही. पण 'पेर्सॉन' आणि 'न्यूल पार' (कुठेही) शेवटी जातात: 'झ न'ए व्ह्यू पेर्सॉन'. मूळ रूपाबरोबरही हाच भेद: 'न रियाँ दीर', पण 'न व्ह्वार पेर्सॉन'. म्हणजे शेवटी नकार टाकायची मराठी सवय जिथे बरोबर ठरते अशा या दोन जागा, आणि नेमक्या इथेच लोक नको तितके सावध होऊन चुकतात.

'अजून'ची भानगडही इथेच उरकू. अजून आला नाही: 'पा आँकोर'. अजूनही आला नाही, असं वैतागून म्हणायचं तर 'तूझूर पा'. हेच दोन शब्द उलटे केले, 'पा तूझूर', की अर्थ होतो 'नेहमीच नाही'. आणि 'आता येत नाही, पूर्वी यायचा' याला 'न ... प्ल्यू'.

'झ न'ए पा यून व्ह्वात्यूर'

माझ्याकडे गाडी नाही. बरोबर रूप: 'झ न'ए पा द व्ह्वात्यूर'. 'एक', 'काही', 'थोडं' सांगणारे अँ, यून, दे, द्यू, द ला हे सगळे नकारानंतर 'द' होतात. जे नाहीच ते एक आहे की थोडं आहे हे सांगणार कसं, असा यामागचा विचार.

अर्धवट शिकलेला हा नियम मग सगळीकडे लागतो आणि नवी चूक जन्मते. 'झ न'एम पा द काफे' चूक. आवडनिवड सांगताना 'ल काफे' असतं, आणि ल, ला, ले नकारातही तसेच राहतात: 'झ न'एम पा ल काफे'. पण 'मी कॉफी पीत नाही' मध्ये मुळात 'द्यू काफे' होतं, म्हणून 'झ न ब्वा पा द काफे'. 'ऐत्र' (असणे) या क्रियापदानंतरही बदल होत नाही: 'स न'ए पा अँ प्रॉब्लेम', ही काही अडचण नाही. कारण तिथे वस्तूचा अभाव सांगायचा नसतो, ती वस्तू 'ही' नव्हे एवढंच सांगायचं असतं. 'गाडी नाही' आणि 'ही गाडी नव्हे' यांतला फरक मराठीत जिवंत आहेच, त्याचाच आधार घ्या. 'नव्हे' बसत असेल तर अँ, यून तसेच ठेवा.

'नी ... नी' मध्ये 'द' सुद्धा उरत नाही: 'झ न ब्वा नी ते नी काफे', चहाही पीत नाही आणि कॉफीही. आणि 'न ... क' दिसला तर फसू नका, तो नकार नाहीच. 'झ न ब्वा क द्यू ते' म्हणजे मी फक्त चहा पितो. मराठीत 'चहाशिवाय काही पीत नाही' म्हणतो त्याच बांधणीचं वाक्य. नकार नसल्याने 'द्यू' जागेवर राहतो.

'वी' म्हटलं आणि गोंधळ झाला

लेखी परीक्षेत ही अडचण फारशी दिसत नाही, बोलताना मात्र अडचणीत आणते. 'व्हू न व्हने पा?' तुम्ही येत नाही? येणार नसाल तर मराठीत सहज तोंडातून निघतं, 'हो, नाही येत.' इथला 'हो' समोरच्याच्या समजुतीला दिलेला होकार असतो. फ्रेंचमध्ये या जागी 'वी' (हो) चालत नाही. येत नसाल तर 'नों, झ न व्हियाँ पा'. येत असाल तर त्यासाठी वेगळाच शब्द: 'सी, झ व्हियाँ'. नकारार्थी प्रश्नाला 'वी' हे उत्तर नसतंच, असं धरून चाला. नुसतं 'वी' म्हणून गप्प बसलात तर समोरचा भुवया उंचावून पुन्हा विचारेल.

'मीही', 'मलाही' यांचंही तसंच. आपला 'ही' होकारात आणि नकारात सारखाच, पण फ्रेंचमध्ये होकाराला 'म्वा ओसी' आणि नकाराला 'म्वा नों प्ल्यू'. कोणी म्हणालं मला थंडी आवडत नाही, आणि तुम्ही 'म्वा ओसी' म्हणालात, की लगेच परकेपणा कळतो.

'इल न फो पा' म्हणजे 'गरज नाही' नव्हे

वरच्या चुकांनी वाक्य वाकडं होतं, पण अर्थ बहुधा पोचतो. या चुकीत वाक्य व्याकरणाने स्वच्छ असतं आणि अर्थ भलताच पोचतो, म्हणून ती जास्त महाग.

'इल फो व्हनीर' म्हणजे यायला हवं. मग यायची गरज नाही हे 'इल न फो पा व्हनीर' असणार, असा हिशोब केला जातो. पण त्याचा अर्थ होतो 'येऊ नये'. ऑफिसातल्या फ्रेंच सहकाऱ्याला सौजन्याने कळवायचं आहे की उद्याच्या बैठकीला तुम्ही आला नाहीत तरी चालेल, आणि त्याच्या हातात पडतं की येऊ नका. 'द्व्वार' (करायला हवं, करावं लागणे) च्या नकाराचाही बहुतेक वेळा हाच परिणाम होतो.

मराठीत 'नये' आणि 'गरज नाही' हे दोन वेगळे शब्द आहेतच, तेव्हा लिहिण्याआधी मनात मराठी वाक्य म्हणून बघा. 'नये' असेल तर 'इल न फो पा'. 'गरज नाही' असेल तर 'व्हू न'आव्हे पा बझ्वाँ द व्हनीर', किंवा 'व्हू न'ऐत पा ओब्लीझे द व्हनीर'. बोलताना 'स न'ए पा ला पेन' हेही चालतं, अगदी आपल्या 'कशाला उगाच' सारखं.

ऐकताना 'न' सापडतच नाही

सापडणार नाही, कारण रोजच्या बोलण्यात तो बहुधा नसतोच. 'झ न से पा' चं 'झ से पा' होतं आणि भरभर बोलताना चक्क 'शे पा'. 'से पा ग्राव्ह', काही हरकत नाही, यातही 'न' गायब. येस्पर्सनच्या चक्राचा पुढचा टप्पाच तुम्ही ऐकत असता. ऐकताना म्हणून 'पा'वर कान ठेवा. बोलताना 'न' गाळला तर कोणी दचकणार नाही, पण लिहिताना, डेल्फ या फ्रेंच प्रमाणपत्र परीक्षेच्या निबंधात आणि नोकरीच्या पत्रात तर नक्कीच, 'न' हवाच.

श्रुतलेखनात एक जागा विशेष फसवी आहे. 'ऑन आ' (आपल्याकडे आहे) आणि नकारातला 'ऑन न'आ' यांचा उच्चार एकच. 'ऑन आ पा' ऐकू आलं की कान 'न' सांगणार नाही. पुढे 'पा' किंवा 'रियाँ' आहे म्हणून तो लिहायचा, हे डोक्याने ठरवायचं.

'प्ल्यू'चा घोळ तर 'न' गेल्यामुळेच झाला. वाक्याच्या शेवटी 'अधिक' या अर्थी असेल तर आता बहुधा 'प्ल्यूस' म्हणतात, शेवटचा एस उच्चारून. 'आणखी नको, उरलं नाही' या अर्थी 'प्ल्यू'. लिहिताना दोन्हींचं स्पेलिंग एकच, त्यामुळे 'न' गाळून लिहिलेल्या मोबाइलवरच्या मेसेजात 'हवंय' की 'नकोय' हे संदर्भावरूनच ओळखावं लागतं. विशेषणाआधी मात्र 'अधिक'चाही उच्चार 'प्ल्यू'च: 'प्ल्यू ग्राँ', जास्त मोठा. तेव्हा नुसत्या एसवर भिस्त ठेवू नका. माँट्रियालला असाल तर 'पाँतूत' कानावर येईल. तो क्युबेकचा 'अजिबात नाही', आणि तो पुस्तकात शोधू नका.

बी टूच्या पुढे वाचायला लागलात की उलटा प्रकार भेटतो: 'न' आहे, 'पा' नाही आणि नकारही नाही. 'आव्हाँ क'इल न पार्त', तो निघण्यापूर्वी. 'आव्हाँ क' (च्या आधी), 'आ म्वाँ क' (जोवर तसं होत नाही), भीती वाटते अशा अर्थाची क्रियापदं, यांच्यानंतर हा शोभेचा 'न' येतो. काढला तरी वाक्य बरोबरच राहतं. वाचताना तो ओलांडून जा, आणि 'पा' छापायचा राहिला असेल असं समजून स्वतःच्या वहीत तो भरू नका. 'आव्हाँ क'इल न पार्त पा' असं लिहिलंत तर 'तो निघण्यापूर्वी' हा अर्थच निघून जातो.